टॉवरखाली अंधार

मी एका मोठ्या दूरसंचार कंपनीत नोकरीला आहे, हे वाक्य मी हल्ली चारचौघांत उच्चारत नाही. कोणी फारच खोदून विचारले, तर ‘इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे’ असे मोघम सांगतो आणि शेंगाचटणीचा विषय काढतो. खरे सांगितले की काय होते, ते होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मी पुरेपूर अनुभवले आहे. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी उजव्या हातातली जिलेबी खाली न ठेवता डाव्या हाताने मोबाइल काढला आणि न मागता सुरू झालेल्या कॉलर ट्यूनपायी कापल्या गेलेल्या पैशांचा हिशेब मठ्ठा वाढला जाईपर्यंत मला विचारला. माझा विभाग ट्रान्समिशनचा आहे, जमिनीखालून जाणारे फायबर चालू ठेवणे एवढेच माझे काम आहे, असे मी नम्रपणे सांगून पाहिले. त्यावर ते म्हणाले, “खातं वेगळं असंल ओ, पगार तर तिथनंच घेता की!” या युक्तिवादाला उत्तर नाही. सोलापुरात कंपनीचा जो माणूस हाताला लागेल, तोच कंपनी.

आता त्या फायबरविषयी. सोलापूरचे नाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आले, याचा नागरिक म्हणून मला अभिमान वाटला आणि कर्मचारी म्हणून घाम फुटला, कारण शहर स्मार्ट व्हायचे म्हणजे आधी खणले जायचे. पाण्याची पाइपलाइन असो, ड्रेनेज असो वा गटारीचे काम असो, जेसीबीची बकेट जमिनीत शिरते ती नेमकी आमच्या केबलवरच. रात्री उशिरा पुण्याच्या कंट्रोल रूममधून फोन येतो, इतक्या साइट डाउन आहेत, म्हणजे इतके टॉवर बंद पडले आहेत, असे सांगितले जाते आणि पुढच्या मिनिटापासून ‘ईटीए काय?’, म्हणजे दुरुस्ती किती वाजता होणार, हा प्रश्न सुरू होतो. मी अजून पायजम्यात असतो, ही बाब ईटीएमध्ये धरली जात नाही.

तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर नावाचे यंत्र असते. ते फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडते आणि परत फिरलेल्या प्रकाशावरून कट किती मीटरवर आहे ते सांगते. यंत्र खोटे बोलत नाही; परंतु जमिनीखाली ठिकठिकाणी केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात, त्यामुळे यंत्राचे अंतर आणि रस्त्यावरचे अंतर यांचे क्वचितच जुळते. मग अक्कलकोट रोडच्या कडेला विजेरी घेऊन मी आणि दोन स्प्लायसर, म्हणजे फायबर जोडणारी पोरे मातीचा ताजा ढिगारा हुडकत फिरतो. ढिगारा सापडला की त्याच्याजवळ जेसीबीवाला बिडी ओढत बसलेला सापडतो. खोदण्यापूर्वी खालच्या केबलवाल्यांना कळवता यावे म्हणून सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप काढले आहे, हे मी एकदा अशाच एका मालकांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “ॲप घ्यायलोय की साहेब, पण मघापास्नं रेंजच न्हाई इथं.”

जोडणीचे काम मात्र पाहण्यासारखे असते, असे मी पक्षपाताने म्हणतो. काचेचा एक तंतू १२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रत्येकाला निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असा ठरलेला रंग. स्ट्रिपरने रंगीत आवरण सोलायचे, अल्कोहोलच्या बोळ्याने काच पुसायची, क्लीव्हरने टोक काटकोनात तोडायचे आणि दोन टोके मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती दोन टोके भल्या मोठ्या खांबांसारखी दिसतात, मध्ये ठिणगी पडते आणि लॉस ०.०२ डीबी, म्हणजे जोडात प्रकाश जवळजवळ वाया जात नाही, असा आकडा उमटतो. तो आकडा उमटला की माझ्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते पगारवाढीच्या पत्रानेही कधी पसरलेले नाही; अर्थात पत्रातला आकडाही साधारण तेवढाच असतो. मात्र हे सारे उघड्या रस्त्यावर, ट्रक उडवतील त्या धुळीत आणि जमलेल्या प्रेक्षकांच्या साक्षीने करायचे. “एवढ्या बारीक तारेतनं सगळ्या गावाचं बोलणं जातंय व्हय?” असे कौतुक करणारा एखादा निघतो. पण तोही शेवटी विचारतो, “मग आमच्यातच का कट हुतंय ओ?”

फायबर निदान जमिनीखाली असते. टॉवर दिसतो, आणि दिसतो म्हणून त्याच्याबद्दल प्रत्येकाला मत असते. आमच्या वसाहतीत रेंज नाही, अशी सर्वांची एकमुखी तक्रार होती. शेजारच्या गच्चीवर टॉवर बसवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तितक्याच एकमुखाने विरोध झाला. टॉवर असावा, परंतु पुढच्या गल्लीत असावा, आणि त्या गच्चीचे भाडे मात्र आपल्याला मिळावे, असा काहीसा मसुदा निवृत्त मंडळींनी तयार केला होता. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतातील टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली आहे, आणि टॉवर लांब असला की उलट आपल्या कानाशी लावलेला मोबाइलच जास्त जोर लावतो, हे मी बैठकीत सांगितले. ते ऐकून एका काकांनी मोबाइल कानापासून लांब धरला, स्पीकरवर टाकला आणि पलीकडच्या माणसाला माझ्याविषयीचे आपले मत सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. यथावकाश टॉवर झाला.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, येतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि तो क्षण प्रत्येक भाविकाला पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना त्याच घटकेला व्हिडिओवर दाखवायचा असतो. आम्ही होम मैदानाच्या आसपास ट्रकवरचा तात्पुरता टॉवर उभा करतो, जवळच्या साइटची क्षमता वाढवतो, तरीही अक्षतांच्या वेळी सगळे चक्र गोलगोल फिरत राहते. “दांड्या तर पूर्ण दिसायल्यात, मग लागंना का बे?” असा सवाल भाच्याने मित्राला केला आणि मित्राने तो माझ्याकडे वळवला. त्यावर माझे ठेवणीतले उत्तर असे की दांड्या म्हणजे एसटी फलाटाला लागली आहे एवढीच बातमी. आत बसायला जागा आहे की नाही, ते दांड्या सांगत नाहीत. उत्तर पटते, पण समाधान होत नाही. आषाढीला पंढरपुरात हेच सारे कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडते, त्याचे वर्णन करण्याइतकी उसंत मला आषाढीला कधी मिळालेली नाही.

या नोकरीत मान मिळाला तो एकदाच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आम्ही अत्यावश्यक सेवेत मोडू लागलो. ओसाड सात रस्त्यावर पोलिसांनी माझा पास पाहून मला ‘जावा साहेब’ म्हटले. घरोघरी एकाच मोबाइलवर दोन-तीन पोरांची शाळा भरत होती, त्यामुळे पूर्वभागातल्या कारखानदारापासून विडी कामगार महिलेपर्यंत सगळे माझी प्रकृती आपुलकीने विचारत. शाळा पुन्हा भरल्या तशी ती चौकशी थांबली.

कंपनीच्या आतले चढउतार वेगळेच आहेत. दर काही काळाने पुनर्रचना होते, म्हणजे साहेब बदलतो, बोधचिन्ह बदलते, नव्या रंगाचे टी-शर्ट येतात आणि माझ्याकडचा तालुका तोच राहून त्याला आणखी एक तालुका जोडला जातो. दर वाढले की शिव्या मला मिळतात. वाढीव पैसे कुठे जातात, ते अद्याप मला दिसलेले नाही. त्यात क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली आणि नातेवाइकांच्या हाती शस्त्र आले. आमचे भावजी दिवाळीच्या फराळाला बसले की आधी चकलीला नाव ठेवतात आणि मग ‘१९०० वर मेसेज टाकू काय?’ असे हसत विचारतात. एकदा जोडणी घेतली की नव्वद दिवस थांबावे लागते, हा नियम मी त्यांना दर वेळी सांगतो आणि ते दर वेळी, “मोजायलोय मी,” म्हणतात.

इकडे साहेबांचे फर्मान असते की कर्मचाऱ्याच्या घरात परक्या कंपनीचे सिम असू नये. माझ्या घरात ते आहे. शेजारच्या गच्चीवरचा आमचा टॉवर लांबवर पाहतो. अँटेनाचा मुख्य झोत दूर फेकलेला असतो, बरोबर पायथ्याशी असलेल्या घराच्या वाट्याला थोडेच येते, आणि आमची जाड भिंत त्यातलेही अर्धे अडवते. म्हणून सौभाग्यवतींनी सरळ स्पर्धक कंपनीचे सिम घेतले. कंट्रोल रूमच्या नोंदीत माझ्या नावापुढे रात्रीसाठी म्हणून तिचाच क्रमांक लिहिलेला आहे. आमच्या कंपनीचे फायबर तुटल्याची वार्ता आमच्या कंपनीच्या माणसाला रोज दुसऱ्या कंपनीच्या कृपेने कळते, यात कंट्रोल रूममधल्या कोणालाही काही वावगे वाटत नाही.

अखेर मी सामान्य ग्राहकाप्रमाणे ग्राहक सेवेकडे रीतसर तक्रार नोंदवली. हिंदीसाठी दोन, मराठीसाठी तीन असे दाबत, तीच ती धून ऐकत मी तक्रार क्रमांक मिळवला. दोन दिवसांनी अंतर्गत प्रणालीत मला दिसले की तक्रार बंद झाली आहे. शेरा होता, ‘ग्राहकाचा क्रमांक संपर्क क्षेत्राबाहेर असल्याने बोलणे होऊ शकले नाही.’ त्याच संध्याकाळी नवी पेठेत रेंज आली तशी सेवेला गुण देण्याची विनंती करणारा मेसेज मोबाइलवर पडला. मी पाचपैकी पाच दिले, कारण त्या गुणांवर आमच्याच विभागाचा इन्सेन्टिव्ह ठरतो.