तहकूब करा, निर्धास्त राहा

सरपंचसाहेब, अभिनंदन. गुलाल धुऊन झाला असेल तर कामाचं बोलू. वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नव्या सरपंचाला त्या बुडवायचा मोह होतो. बुडवू नका. दोन सभा विनाकारण चुकल्या तर खुर्चीच जाते. १९५८चा ग्रामपंचायत कायदा म्हातारा असला तरी त्याला दात आहेत. सभा घ्यायचीच. तिला कोणी येऊ नये, एवढंच बघायचं.

नोटीस लावा की! फलकावर, घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीखाली. तिथं आपणहून कोण डोकावतंय? दवंडीही द्या, पण दुपारी, गाव रानात असताना. २ ऑक्टोबर तर सोन्यासारखी तारीख, सोयाबीनची काढणी ऐन भरात असते. विषयपत्रिका मोघम ठेवा. ‘विकासकामांबाबत विचार करणे’ या तीन शब्दांत गटारापासून घरकुलाच्या यादीपर्यंत सगळं मावतं.

आता गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तो. म्हणजे अडीच हजार मतदारांच्या गावाला शंभर डोकी पुरतात. ती येणार नाहीत. घड्याळाकडे बघा, चेहरा पाडा, “लोकांनाच आस्था नाही” असं चारचौघांत म्हणा आणि सभा तहकूब करा.

इथवर आलात की जिंकलात. कारण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागतच नाही! शंभरांनी ठरवायचं ते तुम्ही, उपसरपंच, पंचायतीचं दप्तर सांभाळणारे भाऊसाहेब आणि शिपाई अशा चौघांनी ठरवलं तरी कागदावर ते गावानंच ठरवलं. गावाची कामं अडू नयेत म्हणून कुणा भल्या माणसानं ही सवलत ठेवली असणार. आपली कामं तरी कुठं गावाबाहेरची आहेत?

एक पथ्य मात्र पाळा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची अभ्याससहल कुणी सुचवली तर निधी नाही म्हणून सांगा. तिथले लोक ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणतात आणि एकमत होईपर्यंत बसून राहतात. असली साथ पसरायला वेळ लागत नाही.

तहकूब सभेला निवृत्त मास्तर तेवढे येतील, वही घेऊन. त्यांना पुढची खुर्ची द्या, चहात साखर जास्त घाला, बोलू द्या. ते गेले की प्रोसिडिंगमध्ये ‘सांगोपांग चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ लिहून घ्या. सूचक उपसरपंच. अनुमोदक म्हणून मास्तरांचं नाव टाका.