घरच्या जेवणाला दीड तास लागतो, हा हिशेब चुकीचा आहे

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, कारखान्यांतल्या सहकाऱ्यांच्या आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की घरी एका वेळच्या जेवणाला दीड तास लागतो, जे झटपट होते त्यात पोषण नसते, एकट्यादुकट्याला रांधणे बाहेरून मागवण्यापेक्षा महाग पडते आणि सकाळचे उरलेले रात्री खाणे म्हणजे विषच. तेव्हा नोकरी करणाऱ्याने स्वयंपाकाच्या नादी लागू नये. सातपूर-अंबडहून पाळी संपवून घरी परतणाऱ्या माणसाला हे चटकन पटते, आणि नेमक्या त्याच माणसाचे यात नुकसान आहे, म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

दीड तासाचा आकडा वरण, भात, पोळ्या, भाजी आणि कोशिंबीर अशा पूर्ण ताटाचा आहे. सवयीचा हात नसेल तर त्याला तेवढा वेळ लागतो, हे खरे. परंतु रात्री दमून आल्यावर पूर्ण ताटच केले पाहिजे, असा आग्रह मराठी घरांनी कधी धरलेला नाही. त्या वेळेसाठी पिठले, मुगाची खिचडी, थालीपीठ, उपमा, मेतकूट-भात हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. दोन-तीन माणसांच्या पिठल्यासाठी एक वाटी बेसन साधारण तीन वाट्या गार पाण्यात गुठळी न राहील असे कालवून घ्यावे. कढईत तेल तापले की मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला कांदा घालावा. कांदा मऊ झाला की हळद-मीठ टाकून कालवलेले पीठ ओतावे, ते दाटेपर्यंत हात थांबवू नये आणि मग मंद आचेवर झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ आणावी. जाणती माणसे उकळत्या पाण्यात कोरडे पीठ पेरूनही उत्तम पिठले करतात, पण नवशिक्याने पीठ गार पाण्यातच कालवावे, कारण उकळत्या पाण्यात पिठाचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो, आतले पीठ कोरडे राहते आणि गुठळ्या होतात. कांदा चिरण्यापासून कोथिंबीर घालण्यापर्यंत वीस मिनिटे पुरतात, आणि भाकरी थापता येत नसेल तर शेजारच्या शेगडीवर तेवढ्याच वेळात भात होतो.

हे पदार्थ इतके लवकर का होतात, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. त्यांतले वेळखाऊ काम आधीच उरकलेले असते. पोहे करताना साळ भिजवून, भाजून मगच चपटी केली जाते, म्हणून ते पाण्याने नुसते ओले केले तरी मऊ होतात. थालिपिठाच्या भाजणीतली धान्ये आणि डाळी वेगवेगळ्या भाजून मग दळलेल्या असतात. मेतकुटाचेही तेच, म्हणून तर ते गरम भातावर तसेच घालून खाता येते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आपल्याच तालुक्यांत पिकणाऱ्या नागलीचे पीठ घरात असले की गार पाण्यात कालवून दहा-बारा मिनिटांत पेज शिजते. हे आगाऊ काम घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे केले आणि त्यांच्या वेळेचा हिशेब कोणी ठेवला नाही, ही गोष्ट मात्र इथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आज भाजणी गिरणीतून दळून मिळते, बचत गटांकडून तयार विकत मिळते, आणि ती घरात आणून ठेवणे हे घरातल्या कोणाचेही काम असू शकते.

झटपट पदार्थांत पोषण नसते, हे विधान मैद्याच्या नूडल्सच्या पाकिटाबद्दल केले असते तर मी त्याच्याशी वाद घातला नसता. त्या पाकिटातल्या मसाल्यात मीठ भरपूर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाच्या पोटात दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. पण खिचडीला तोच न्याय लावता येत नाही. मुगाच्या डाळीत 100 ग्रॅममागे सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडते ते डाळ पुरवते, आणि डाळीत जे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी असते ते तांदळातून मिळते. शिवाय मुगाची डाळ भिजवावी लागत नाही, आणि कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांवर उकळत असल्याने तीन-चार शिट्ट्यांत खिचडी तयार होते. बुधवारी गोदाकाठच्या बाजारातून आणलेली मेथी त्याच संध्याकाळी निवडून ठेवली असेल तर मूठभर मेथी खिचडीत घालायला वेगळा वेळ लागत नाही. नुसते पोहे मात्र पिष्टमयच असतात. त्यांत शेंगदाणे सढळ हाताने घालावेत आणि वरून लिंबू पिळायला विसरू नये, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह अंगी लागायला मदत होते.

खर्चाच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी डाळ यांत दोन माणसे पोटभर जेवतात. बाहेरून मागवलेल्या एका थाळीवर पदार्थाच्या किमतीखेरीज 5 टक्के वस्तू व सेवा कर, बांधणी आणि घरपोच पाठवण्याचा आकार चढतो, आणि एकट्या माणसाच्या लहान मागणीवर हाच आकार सर्वांत जड पडतो.

उरलेल्या अन्नाबद्दल संदेशात थोडे तथ्य आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात; ते शिजवण्याच्या उष्णतेतूनही वाचतात, भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की वाढीला लागतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष भात पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणजे दोष उरलेल्या भातात नसून तो बाहेर राहण्यात आहे. जेवणे झाल्यावर उरलेला भात पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी कांदा, मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी करून तो चांगली वाफ येईपर्यंत परतावा. लागेल तेवढाच भात बाहेर काढावा आणि एकदा गरम केलेला पुन्हा ठेवू नये.