तुम्हाला विचारणारं कोण आहे?

सलाम मंडळी. पोस्ट लांबली आहे, आधीच सांगते. उपदेश नाही, माझं मत आहे. पटलं नाही तर खाली भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समाजात, एक समजूत इतकी मुरलेली आहे की ती कुणी बोलूनही दाखवत नाही. माणूस चर्चला येत राहिला की त्याची आत्मिक वाढ होतच राहते, अशी ती समजूत. लहानपणी बाप्तिस्मा, मग संडे स्कूल, तिथे पाठांतराची बक्षिसं, मग दृढीकरणाचा, म्हणजे मोठेपणी विश्वास जाहीर कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग. त्यात दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार आणि प्रभूची प्रार्थना घोकून घ्यायची. दृढीकरण झालं, पाळकसाहेबांबरोबर फोटो निघाला की शिक्षण संपलं. त्यानंतर थेट लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, चर्च कमिटीची निवडणूक आणि शेवटी मयत. मधल्या सगळ्या वर्षांत "तू आता कसा आहेस? गेल्या वर्षीपेक्षा तुझा राग कमी झाला का?" असं विचारायचं काम कुणाकडेही नसतं. वर्गणी थकली तर खजिनदार घरी येतो. माणूस आतून थकला तर कोण येतं?

बायबलमधलं इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने हीच तक्रार केलीय, आणि चांगलीच चिडून केलीय. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, पण तुम्हाला अजून दूधच लागतं, असं तो पाचव्या अध्यायात सुनावतो. या उताऱ्यावर मी फारसे उपदेश ऐकलेले नाहीत. आशीर्वादाच्या वचनांवर मात्र पुष्कळ ऐकलेत.

कॉटेज प्रेयरचंच घ्या, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा. नगर, पुणे, सोलापूर, कुठेही जा, चित्र तेच. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला, खाली सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली दोन गीतं, ढोलकीवाला रंगात आला तर तीन. मग वचन. मग "प्रार्थनेचे विषय कळवा." विषय काय, तर मुलाचा कॅनडाचा व्हिसा, सुनेचे भरत आलेले दिवस, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचा एनए व्हायचा राहिलेला प्लॉट. मी चेष्टा करत नाही, हे सगळे खरे विषय आहेत आणि देवाला प्लॉटही सांगावा. पण "मी भावाशी बोलत नाही, मला बोलता यावं म्हणून प्रार्थना करा" असा विषय मी त्या सतरंजीवर बसून आजवर ऐकलेला नाही. कधी कधी तो भाऊ त्याच हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसलेला असतो. सगळ्यांना माहीत असतं. आमेन झालं की चिवडा येतो.

आता एक आक्षेप येणारच आहे, तो मीच मांडते. "ताई, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, कर्मांनी नाही. मुद्दाम वाढायला जाणं म्हणजे देवाच्या कामात हात घालणं." पौलाच्या पत्रातलं हे वचन, इफिसकरांस 2:8, मलाही पाठ आहे, संडे स्कूलमध्ये त्याच्यावर पेन मिळालं होतं. पण तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, सुभक्तीसाठी कसरत करायला सांगतो. फिलिप्पैकरांना तर एका दमात दोन्ही सांगतो, की आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात काम करणारा देवच आहे. त्याला यात काही विसंगती दिसली नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात विश्वासात कशाकशाची भर घालायची त्याची यादीच आहे, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, बंधुप्रेम वगैरे, आणि त्यासाठी होईल तितका प्रयत्न करा असं स्वच्छ लिहिलंय. शिवाय कृपेचं कारण पुढे करून प्रयत्न टाळणारा माणूस मुलाच्या बारावीच्या वेळी कृपेवर थांबत नाही. तिथे क्लासची फी दहावीचा निकाल लागायच्या आधी भरलेली असते.

आपल्याच मातीतलं उदाहरण बघा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. शास्त्रं कोळून प्यालेली बाई, विचार केल्याशिवाय पाऊल टाकणारी नव्हे. तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी सात-आठ वर्षं गेली. मधल्या काळात अमेरिकेचा दौरा झाला, 1889 मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झालं, नाव जगभर झालं. दुसरं कुणी एवढ्या भांडवलावर जन्मभर साक्षी देत फिरलं असतं. बाई मात्र शोधत राहिल्या.

आणि रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमधलं 1905 चं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट. त्याचे किस्से आपण अजून कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मंडप घालून भरणाऱ्या मोठ्या सभांमध्ये, ऐकतो. मुली कशा रडल्या, पापांच्या कबुल्या कशा दिल्या, प्रार्थना कशा तासन् तास चालल्या. पण ते सगळं जूनच्या अखेरीस झालं. जानेवारीतच बाईंनी मुलींना विचारलं होतं की रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल. सत्तरएक जणी पुढे आल्या, मग संख्या वाढत गेली. म्हणजे जवळजवळ सहा महिने, रोज. स्वयंपाक, शिवण, शेती, शाळा सांभाळून. त्या सहा महिन्यांचे किस्से स्टेजवर कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. आपल्याला जूनचा महिना हवा असतो, तोही तीन दिवसांच्या कन्व्हेन्शनमध्ये, मंडप-माइकसकट.

त्यानंतरही बाई थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या मराठीत शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, भाषांतर करत शेवटपर्यंत बसल्या. 1922 मध्ये गेल्या. ते शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायका-मुलींच्या हातांनी छापलं गेलं.

पण माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट इंग्लंडमधली आहे, आणि ती चक्क कर्जवसुलीतून सुरू होते.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लोकांनी 1739 मध्ये ब्रिस्टलला 'न्यू रूम' नावाची सभेची इमारत बांधायला घेतली. आपल्याकडे बिल्डिंग फंडाचं जे होतं तेच तिथेही झालं, कर्ज डोक्यावर बसलं. 15 फेब्रुवारी 1742 ला त्यावर बैठक भरली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांची तेवढीही ऐपत नाही. त्यावर कॅप्टन म्हणाला, मग सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. त्यांना जमलं तर घेईन, नाही जमलं तर त्यांची पेनी मी भरेन. बाकीच्यांनीही तसंच करायचं ठरवलं.

आणि मग गंमत झाली. पेनी गोळा करायला गेलेली माणसं घरात शिरली, तेव्हा घरात काय चाललंय ते दिसायला लागलं. एक जण बायकोशी भांडताना सापडला, दुसरा प्यालेला. हे लोक येऊन वेस्लींना सांगायला लागले. वेस्लींनी ओळखलं की आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. घरोघरी फिरण्यात फार वेळ जायचा, शिवाय नोकरमाणसांना मालकाच्या घरात मोकळेपणी बोलताही यायचं नाही, म्हणून मग बारा-बारा जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं. त्याला ते 'क्लास' म्हणत. स्त्रियाही क्लासच्या पुढारी असत. दर तीन महिन्यांनी सभासदाचं तिकीट नवं करून मिळायचं, आणि त्याआधी चौकशी व्हायची. त्याहून लहान गटही होते, 'बँड' नावाचे. त्यांची नियमावली 1738 च्या नाताळच्या दिवशी तयार झालेली आहे, आणि त्यातला पहिलाच प्रश्न असा की मागच्या भेटीनंतर तुमच्या हातून जाणूनबुजून कोणती पापं घडली. नाताळच्या दिवशी! आपल्याकडे त्या दिवशी केकमध्ये अंडं आहे का, याच्यापुढे चौकशी जात नाही.

1871 च्या अखेरीस विल्यम टेलर नावाचे मेथडिस्ट मिशनरी मुंबईत आले, तेव्हा त्यांनीही आधी चर्च बांधलं नाही. लोकांच्या घरांमध्ये असेच छोटे गट बसवले. आपल्या कॉटेज प्रेयरला अशा घरगुती बैठकींचा वारसा आहे. आपण त्यातली सतरंजी ठेवली, प्रश्न काढून टाकला.

कॅप्टन फॉयबद्दल मला आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. तो पाळक नव्हता. त्याने कसलाही नवा सिद्धांत मांडला नाही. सगळ्यात गरीब अकरा जण मागून घेतले आणि दर आठवड्याला जायचं कबूल केलं.

हे वाचून काही जण लगेच वेळापत्रक बनवायला घेतील, म्हणून थोडं थांबवते. वर्षभरात शास्त्र वाचून काढायचे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. 1189 अध्याय, रोज साधारण सव्वातीन. जानेवारीत उत्पत्ती जोरात, फेब्रुवारीत लेवीयात गाडी रुतली, मार्चमध्ये अपराधी वाटणं, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा उत्पत्ती. वाचू नका असं म्हणत नाही. पण लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवा. आठवड्यातून दोनदा उपवास, सगळ्या उत्पन्नाचा दशांश. त्याचा तक्ता शंभर टक्के भरलेला होता. नीतिमान ठरून घरी गेला तो मात्र शेजारचा जकातदार, ज्याला लोक पापी समजत. परूशाची चूक नियम पाळण्यात नव्हती. त्याने स्वतःची तपासणी स्वतःच केली आणि पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले. त्याच्या बायकोला किंवा नोकराला विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, असा माझा अंदाज आहे. शास्त्रात लिहिलेलं नाही, पण संसार केलेल्या बाईचा अंदाज आहे.

वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण रोज रात्री झोपण्याआधी दिवसाची उजळणी करते. इग्नाती संतांची पद्धत. आज देव कुठे जाणवला, मी कुठे घसरले, उद्या काय. दहा-पंधरा मिनिटं. तिच्याकडे पापनिवेदनही आहे, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करणं, म्हणजे ऐकून घेणारं माणूस आहे. आम्ही प्रॉटेस्टंटांनी ती खुर्ची चर्चमधून बाहेर काढली. काढण्याची कारणं असतील, पण तिच्या जागी काहीच ठेवलं नाही.

आमच्या मंडळीत एक निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. मिशन दवाखान्यात आयुष्य गेलं. त्यांच्याकडे शाळकरी मुलांची असते तशी एक दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर नाव आणि तारीख, उजव्या पानावर पुढे काय झालं ते. वॉर्डातल्या चार्टची सवय, दुसरं काय. त्या नुसती प्रार्थना करून थांबत नाहीत, पुन्हा येऊन विचारतात. माझ्या नवऱ्याला एकदा त्यांनी चर्चच्या गेटवर धरलं. "आईला फोन केलास का रे?" तो म्हणाला, "करतो, सिस्टर." "करतो नको. रात्री मी विचारीन." आणि रात्री नऊला खरंच फोन वाजला. नवरा बाल्कनीत जाऊन आधी आईशी बोलला, मग सिस्टरांना उलटा फोन लावला. कितीतरी उपदेशांनी झालं नव्हतं ते काम. आणि बाईंचा आवाजसुद्धा चढला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुद्दाम वाढायचं असेल तर पहिली गोष्ट नवं पुस्तक, नवा तक्ता, नवा उपवास ही नव्हे. तुम्हाला विचारायचा हक्क तुम्ही कुणाला दिलाय, ते आधी बघा. ते माणूस कमिटीवर असायची गरज नाही, धर्मशिक्षणाची पदवी नको. जमलं तर थोडं हट्टी हवं.

यातली खरी अडचण मला माहीत आहे. आपल्या मंडळ्यांत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, कुणाकडे बोलू नको" या वाक्याने जितकी घरं फोडली तितकी उघड चुगलीने फोडली नसतील. मंगळवारी इथे सांगितलेलं शुक्रवारी पुण्याच्या आत्याला कळलेलं असतं. त्यामुळे वेस्लींचे बारा आपल्याकडे चालणार नाहीत, असं मला वाटतं. तिघी पुरेत, किंवा तिघं. बायका बायकांत, पुरुष पुरुषांत. एकमेकांच्या नात्यातले नकोत, आणि जमलं तर एकाच चर्चचेही नकोत. आमच्या तिघींत एक मेथडिस्ट आहे आणि एक ती वसईची, जी सध्या नोकरीसाठी इकडे असते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलेला नाही, काढणारही नाही. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी गच्चीवर बसतो, कुणाशी बोलणं बंद आहे ते विचारतो, पैशांत घरच्यांपासून काय लपवलंय ते विचारतो. दुसऱ्या प्रश्नाला अजून प्रत्येक वेळी आधी पाणी प्यायलं जातं. मग एक गीत, प्रार्थना, आणि घरी जाऊन स्वयंपाक.

पाळकांवर हे ढकलू नका. एकेका पाळकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावच्या मंडळ्या असतात, वर कोर्टाच्या तारखा. त्यांनी फक्त वेदीवरून एकदा सांगावं की असं करायला हरकत नाही, तेवढं पुरे.

नगरमध्ये कुणाला असे तिघं जमवायचे असतील तर इनबॉक्समध्ये या. मी नात्यात नसलेली दोन नावं शोधून देऊ शकते, शाळेत नोकरी केल्याने ओळखी बऱ्या आहेत. पुरुषांचे मेसेज माझ्या नवऱ्याकडे पाठवीन. त्याने नाही म्हटलं तर सिस्टरांचा नंबर आहेच.