डिकीने धरलेला अबोला

मोटारीच्या डिकीला किल्लीचे भोक असलेच पाहिजे, या मताचा मी मे महिन्यापासून कडवा पुरस्कर्ता आहे. रत्नागिरीहून आलेली हापूसची पेटी डिकीत, आम्ही बाहेर आणि डिकीचे बटण कितीही दाबले तरी आतून हूं की चूं नाही, अशी अवस्था झाल्यावर कोणाचेही मत असेच बनेल. गाडी जर्मन बनावटीची, सेकंडहँड. डिकी मोटरवर आपोआप वर जाते, हात लावावा लागत नाही, हे सांगूनच मेहुण्यांनी ती आमच्या गळ्यात मारली होती. हात लावून उपयोगही नसतो, हा तपशील तेवढा राहून गेला होता.

आमच्या इमारतीत बिघडलेल्या वस्तूभोवती तज्ज्ञ जमायला वेळ लागत नाही. एकाने किल्लीतला सेल बदलायला सांगितले. दरवाजे त्याच किल्लीने उघडत होते हे दाखवल्यावरही त्याचे मत बदलले नाही. दुसऱ्याने डिकीवर बुक्की मारली. खरे निदान सुरू झाले ते तळमजल्यावरचे काका खाली आल्यावर. काका दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हात लावण्याआधी कान लावणारे. "आधी ऐका," ते म्हणाले. बटण दाबल्यावर 'खट्' असा आवाज आला तर कुलूप सुटले आहे आणि दोष मोटरीत किंवा झाकण उचलणाऱ्या दांड्यात आहे. आवाजच आला नाही तर हुकूम कुलपापर्यंत पोचतच नाही. मग मी बटण दाबत राहिलो आणि काकांसह चार प्रतिष्ठित सभासद डिकीला कान लावून उभे राहिले. वॉचमनने दुरून पाहिले आणि काही न विचारता गेट लावून घेतले. आवाज आला नाही.

काकांनी बॉनेट उघडून बॅटरीला मल्टिमीटर लावला. १२.५ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. व्होल्टेज उतरले की अशा गाड्या आधी चैनीच्या गोष्टी बंद करतात, पण ती शक्यता संपली. गाडी परक्या ड्रायव्हरच्या हाती देताना डिकी बंद ठेवण्याचे एक बटण डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. तेही कोणी चुकून दाबलेले नव्हते. राहिला फ्यूज. पुस्तिकेत पाहिले तर फ्यूजची पेटी डिकीत, डाव्या भिंतीच्या आत. ज्याने हे ठरवले त्याच्या घराची किल्ली घरातच ठेवण्याची पद्धत असावी.

दरम्यान सर्व्हिस सेंटरने येऊन स्कॅनर लावला. पडद्यावर आले की डिकीचे कुलूप प्रतिसाद देत नाही. एवढे आम्हांलाही ठाऊक होते. फरक इतकाच, की त्यांनी त्यावरून नवे कुलूप आणि नवी मोटर असे अंदाजपत्रक काढले, जे वाचून पत्नीने आंबे तिथेच पिकू द्यावेत असे सुचवले. ते पिकत होतेच. मागच्या सीटवर बसले की वासाने जीव कासावीस होई.

शेवटी उपयोगी पडली ती अमेरिका. तिथे १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या डिकीवाल्या मोटारींत आतून उघडण्याची सोय, बहुधा अंधारात चमकणारी मूठ, सक्तीची आहे, आत अडकलेल्या माणसाला सुटता यावे म्हणून. आमच्याही गाडीत ती होती, परंतु हापूसला हात नसतात. मागच्या सीटच्या मधला हात-टेका खाली केला की डिकीत जाणारे एक छोटे दार असते. त्यातून भाच्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि गाभण गाय तपासणाऱ्या पशुवैद्याच्या चेहऱ्याने चाचपू लागला. "मामा, काहीतरी मऊ लागतंय," असे तो म्हणाला तेव्हा आंब्यांचे काय झाले ते कळले. मग 'खट्' झाले आणि झाकण बोटभर वर आले.

फ्यूज शाबूत होता. काकांनी आता नंबरप्लेटचा दिवा पाहिला, तो बंद. मागचा कॅमेरा बंद. झाकणाच्या कडेचे, डिकी मिटवायचे बटणही बंद. कॅमेऱ्याचे चित्र अधूनमधून गायब होते, असे पत्नी होळीपासून सांगत होती आणि घरातील पुरुषांनी त्यावर विचार चालू ठेवला होता. "चार माणसं एकदम आजारी पडत नाहीत, पाणी एकच असतं," काका म्हणाले आणि बिजागरीपाशी असलेली सुरकुत्यांची रबरी नळी त्यांनी सोलून काढली. झाकणाकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातूनच जातात आणि प्रत्येक उघडझाकीला तिथेच वाकतात. वरून धडधाकट दिसणारी तपकिरी वायर, म्हणजे अर्थिंगची, काकांनी दोन बोटांत ओढली तर तिचे इन्सुलेशन चिंगमसारखे ताणले गेले. आत तांबे तुटून हिरवे पडले होते.

बॅटरीची तार काढून काकांनी मध्ये मऊ वायरचा तुकडा घातला, वाकायला मोकळीक राहावी म्हणून थोडा लांबच, सोल्डर केला आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. तार पुन्हा जोडल्यावर डिकी अर्ध्यावर येऊन थांबू लागली. तार काढली की हे यंत्र आपली बंद जागा विसरते. झाकण एकदा हाताने पूर्ण मिटवून मग बटणाने उघडले की त्याला ती आठवते. काकांनी हेही केले. वर पार्किंगच्या बीमला लागू नये म्हणून झाकण किती वर जावे तेही त्यांनी स्वतःच्या उंचीला धरून पक्के करून टाकले. काका माझ्या खांद्याला लागतात. त्यामुळे सामान काढताना माझे कपाळ रोज झाकणाच्या कडेला भेटते, पण ती उंची बदलायची कशी हे मी त्यांना विचारलेले नाही, कारण ते पुन्हा "आधी ऐका" पासून सुरुवात करतील.