खुलासा: फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मेंटेनन्स दुप्पट होत नाही
‘भाडेकरू ठेवला की सोसायटी दुप्पट मेंटेनन्स लावू शकते, सर्वसाधारण सभेत ठराव झाला की झालं’ हा सध्या फिरणारा निरोप चुकीचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार गृहनिर्माण संस्थेला बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा लागणारा जादा आकार) सेवाशुल्काच्या, म्हणजे मेंटेनन्समधल्या रखवालदार, सामायिक वीज अशा सेवांच्या खर्चाच्या, १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि हिशेबात महापालिकेचा कर धरायचा नसतो. म्हणजे सेवाशुल्क ३००० रुपये असेल, तर फार तर ३०० रुपये. सभेचं बहुमतही ही मर्यादा ओलांडू शकत नाही. घरात सभासदाची लग्न झालेली मुलगी किंवा नातवंडं राहत असतील, तर हे शुल्क लागतच नाही. तरीही ते उकळलं जातं, याचा खरंच संताप येतो. जादा बिल आलं तर कमिटीला लेखी कळवा, पोच घ्या. दाद लागली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.