लेफ्ट बॅकवरून पेटलेला वाद

५ जुलै २०२५ हा शनिवार माझ्या डोक्यातून जात नाही. इथल्या वेळेने दुपारी थायलंडमधल्या चियांग माईत भारताच्या महिला फुटबॉल संघाने यजमान थायलंडला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून, जिंकून आशियाई चषकात जाण्याची आपल्या मुलींची ही पहिलीच वेळ. आणि समोरचा संघ २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला. त्याच रात्री स्वित्झर्लंडमध्ये, झ्युरिकला, इंग्लंडच्या महिला संघाने युरो स्पर्धेतला आपला पहिलाच सामना फ्रान्सविरुद्ध १-२ असा गमावला.

मी मँचेस्टरजवळ राहते. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एकच विषय होता, इंग्लंडची बचावपटू जेस कार्टर. डाव्या बगलेला खेळणाऱ्या कार्टरला फ्रान्सच्या देल्फीन कास्कारिनोने दमवून टाकलं होतं. आमच्या अकाउंट्समधली एक बाई, एरवी शब्द मोजून बोलणारी, मिठाच्या आणि मिरीच्या बाटल्या मांडून दाखवत होती की कार्टर मुळात सेंटर बॅकची, म्हणजे बचावाच्या मध्यभागची खेळाडू, तिला लेफ्ट बॅकला, म्हणजे बचावाच्या डाव्या कडेला ठेवलं हीच प्रशिक्षक सरीना वीगमन यांची चूक. दुसऱ्याचं म्हणणं, चूक कार्टरची नाहीच, तिच्या पुढे खेळणारी लॉरेन हेम्प मागे येऊन मदत करत नव्हती. तिसरा म्हणाला, वेगच नसेल तर कुठेही ठेवा, काय फरक पडतो? अर्धा तास हे चाललं. शिवी नाही, कीव नाही, ‘मुलींच्या मानाने चांगलं खेळल्या’ नाही.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच दोन दिवसांत भारताच्या विजयाबद्दल काय आलं? आत्येभावाने तिरंग्याचं चित्र टाकलं, ‘पोरींनी नाव काढलं’ असं लिहिलं. काकांनी हात जोडले, मावशीने फुलं पाठवली. मग लग्नाच्या हॉलची चर्चा सुरू झाली. मी विचारलं, दुसरा हाफ सुरू होताच थायलंडने बरोबरी साधली, तेव्हा आपला बचाव कुठे होता? उत्तर आलं, ‘अगं, जिंकल्या ना, आता कशाला खुसपट काढतेस!’

मला खुसपटच काढायचं होतं. पात्रता फेरीतल्या ४ सामन्यांत आपण २४ गोल केले आणि एकच खाल्ला. ऐकायला फार छान. पण त्यातले १३ एकट्या मंगोलियाविरुद्धचे, चार तिमोर-लेस्टेविरुद्धचे आणि पाच इराकविरुद्धचे. बचाव कसाला लागला तो फक्त थायलंडसमोर, आणि तिथे मध्यंतरानंतर दोनेक मिनिटांत गोल बसला. एवढं सगळं या आकड्यांत दिसतं. ज्याला संघाबद्दल आपुलकी आहे त्याने हे विचारायला नको का? प्यारी शाशाने मंगोलियाविरुद्ध एकटीने ५ गोल केले याचा आनंद मलाही आहे. पण तगड्या बचावासमोर ती कशी खेळते, या प्रश्नात तिचा अपमान कुठे आला?

आता इंग्लंडकडे आरती ओवाळते आहे असं कुणी समजू नये, कारण कार्टरची गोष्ट जेवणाच्या टेबलावर संपली नाही.

नेदरलँड्सविरुद्धच्या पुढच्या सामन्यात वीगमन यांनी तिला मध्ये, सेंटर बॅकला आणलं आणि ॲलेक्स ग्रीनवूडला डावीकडे पाठवलं. इंग्लंडने तो ४-० असा जिंकला. म्हणजे टेबलावरच्या त्या मिठा-मिरीच्या मांडणीला प्रशिक्षकांनीच दुजोरा दिल्यासारखं झालं. पण उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने पहिल्या २५ मिनिटांत दोन गोल केले आणि कार्टरचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं. तो सामना इंग्लंडने कसाबसा पेनल्टी शूटआऊटवर काढला. १४ किक्समध्ये फक्त ५ गोल झाले, इतका विचित्र शूटआऊट मी तरी पाहिला नव्हता. त्यानंतर तीन दिवसांनी कार्टरने जाहीर केलं की स्पर्धा सुरू झाल्यापासून तिला वर्णद्वेषी शिवीगाळ सहन करावी लागते आहे, म्हणून ती समाजमाध्यमांपासून दूर राहणार आहे. त्या निवेदनात तिने एक गोष्ट स्वच्छ सांगितली होती. माझ्या कामगिरीवर आणि निकालावर मत द्यायचा प्रत्येक चाहत्याला अधिकार आहे, पण माझ्या दिसण्यावर आणि वंशावर घसरण्याचा नाही.

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. इतकं सोसल्यावर एखादी म्हणाली असती, मला काहीच बोलू नका, तरी कुणी तिला दोष दिला नसता. तिने तसं म्हटलं नाही. खेळाचा हिशेब मागायचा अधिकार तिने लोकांच्या हातात तसाच ठेवला आणि पलीकडचं दार लावून घेतलं. या देशात माझ्यासारख्या सावळ्या रंगाच्या बाईला ते पलीकडचं काय असतं हे समजावून सांगावं लागत नाही. बसमध्ये, दुकानाच्या रांगेत ते कधीतरी भेटतंच. त्यामुळे ‘इंग्लंडचे लोक खेळ कसा डोळसपणे बघतात’ असं कौतुक मी पूर्ण मनाने करू शकत नाही. टेबलावर बसलेले तेही इंग्लंडच आणि फोनवरून तिला छळणारेही इंग्लंडच. पोलिसांनी तपास केला, पुढे एकाला अटक झाली. इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी संघाने वर्णद्वेषाच्या निषेधासाठी एक गुडघा टेकण्याची आपली पद्धत मुद्दाम सोडली आणि खेळाडू उभ्या राहिल्या. नुसत्या प्रतीकाने भागत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं.

आणि त्याच उपांत्य सामन्यात कार्टर संघाबाहेर होती! तिच्या जागी एस्मी मॉर्गन. त्या दिवशी आमच्याकडे पुष्कळ जणांना वाटलं की हा निर्णय क्रूर आहे, निदान आत्ता तरी तिला खेळवायला हवं होतं. मला तसं वाटलं नाही. सहानुभूती म्हणून तिला खेळवलं असतं तर तिच्या निवडीचं कारण पुन्हा तिचा रंगच झाला असता. वीगमन यांनी तिला बचावपटू म्हणून बाहेर ठेवलं, आणि पाच दिवसांनी बाझेलमध्ये स्पेनविरुद्धच्या अंतिम सामन्यात बचावपटू म्हणूनच परत घेतलं. समोर होती एस्थर गोन्झालेझ, स्पर्धेत सर्वाधिक ४ गोल केलेली, आणि गॉथम एफसी या अमेरिकन क्लबातली कार्टरचीच सहकारी. त्या दिवशी एस्थरला गोल मिळाला नाही. कार्टर स्पर्धेतला आपला सर्वोत्तम सामना खेळली. १-१ अशा बरोबरीनंतर गोलरक्षक हॅना हॅम्प्टनने दोन पेनल्टी अडवल्या, शेवटची क्लोई केलीने मारली आणि इंग्लंड युरोपचं विजेतं झालं.

हॅम्प्टनवरूनही वाद झालाच होता. तिला पहिली पसंती मिळाल्यावर स्पर्धेच्या काही आठवडे आधी दुसरी गोलरक्षक मेरी अर्प्सने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडला, आणि अर्प्स म्हणजे इथल्या शाळकरी मुलींचं दैवत. आमच्या गल्लीतली लहान मुलं त्यावरून दोन गटांत भांडत होती.

घरच्या वादांकडे मी या सगळ्यानंतर बघते तेव्हा मन खट्टू होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महिलांच्या क्रिकेट विश्वचषकात भारत ओळीने तीन सामने हरला, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडविरुद्ध. त्या आठवड्यात मराठीत जे लिहिलं-बोललं गेलं ते मी वाचलं. ‘पोळ्या लाटा’, ‘रील्स कमी करा’, ‘समान मानधन कशाला हवं’. ३३० धावा करूनही ऑस्ट्रेलियाला का रोखता आलं नाही, सहावी गोलंदाज हवी होती का, यावर बोलणारेही होते, पण त्यांचा आवाज त्या गदारोळात बुडाला. सहाव्या गोलंदाजीच्या पर्यायासाठी जेमिमा रॉड्रिग्जला इंदूरच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून वगळलं, तो खरा वादाचा मुद्दा होता. मी स्वतः त्या निर्णयाविरुद्ध होते आणि माझ्या भावाशी तासभर भांडले. पुढे तिनेच उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून ३३९ धावांचं लक्ष्य गाठून दिलं. सामना संपल्यावर ती रडत रडत सांगत होती की स्पर्धेत ती रोज किती अस्वस्थ असायची. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारत जगज्जेता झाला, आणि पोळ्या लाटायला सांगणारे रातोरात ‘आमच्या वाघिणी’ म्हणायला लागले. मला तो बदल सुखाचा वाटला नाही. देवी म्हटलं काय आणि पोळ्या लाट म्हटलं काय, दोन्हीकडे चेंडू कुणी पाहिलेला नसतो.

फुटबॉलच्या वाट्याला तर तेवढंही येत नाही. ज्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हा विश्वचषक जिंकला, तिथेच जानेवारी २०२२मध्ये आपला महिला फुटबॉल संघ आशियाई चषकात इराणशी खेळला होता. यजमान आपणच होतो, सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्याला होते. इराणविरुद्ध ०-० झालं. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध, म्हणजे तैवानविरुद्ध, नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही कोविडमुळे उरल्या नाहीत आणि संघ स्पर्धेतून बाहेर फेकला गेला. २०२३च्या विश्वचषकाकडे जाण्याची वाट तिथेच बंद झाली. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली एवढी मोठी गोष्ट, पण आज ठाण्या-पुण्यातल्या किती घरांत ती आठवते? त्या वेळी ‘बिचाऱ्या’ एवढंच ऐकू आलं. जैवसुरक्षेत चूक कुणाची झाली आणि इराणसारख्या संघावर गोल का करता आला नाही, हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि दोन्ही विचारायचे राहून गेले.

माझ्या बहिणीचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी सहज बाजूला सारत नाही. ती सांगलीला शाळेत शिकवते. ती म्हणते, ताई, तुमच्याकडे मैदानं आहेत, लीग आहे, पगार आहे. आमच्याकडची मुलगी घरच्यांशी भांडून मैदानावर येते. तिच्या पासिंगवर टीका करायला आधी ती तिथवर पोचू तर दे.

खरं आहे. इंग्लंडलाही हे आयतं मिळालेलं नाही. १९२०च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते, आणि पुढच्याच वर्षी इथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. ती बंदी टिकली पन्नास वर्षं. आज दर आठवड्याला महिलांची लीग टीव्हीवर दिसते, म्हणून अकाउंट्समधल्या बाईला कार्टर सेंटर बॅक आहे हे ठाऊक असतं. बघितलंच नाही तर बोलणार काय? भारतीय महिला लीग २०१७पासून खेळली जाते, पण आमच्या ग्रुपवरच्या एकानेही तिचा एक पूर्ण सामना पाहिलेला नाही. मैदान, पगार आणि प्रक्षेपण यांचा जाब महासंघाला विचारायचा. पण एकदा का मुलगी भारताचा शर्ट घालून मैदानात उतरली की तिला आंतरराष्ट्रीय खेळाडूचं माप लागलं पाहिजे. बाला देवी २०२० साली ग्लासगोच्या रेंजर्सकडून खेळायला आली, तेव्हा स्कॉटलंडमध्ये तिच्याकडे गोल मागितले गेले, तिच्या गावच्या अडचणींची कहाणी नव्हे. मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबाकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तिथेही तेच.

माझी लेक इथल्या गावच्या क्लबात लेफ्ट बॅकच खेळते. तिचे प्रशिक्षक तिला सामन्यानंतर सांगतात, तू समोरच्या मुलीला आत वळू दिलंस, बाहेर ढकलायला हवं होतं. ती घरी येऊन पाय आपटते, जेवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात तेच करून बघते. सुट्टीत सांगलीला गेलो की तिचे आजोबा तिला म्हणतात, ‘किती छान खेळतेस गं राणी!’ त्यांचं प्रेम मला कळतं, तिलाही कळतं. पण ती त्यांना विचारते, आजोबा, छान म्हणजे काय केलं मी?

मी हे लिहिते आहे तेव्हा मार्च २०२६चा ऑस्ट्रेलियातला आशियाई चषक अजून व्हायचा आहे, आपला संघ तिथे खेळेल. गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आहेत. जपानने २०११ला विश्वचषक जिंकलेला आहे, तिथे मोठा पराभव होऊ शकतो, आणि मग ‘यांना पाठवलंच कशाला’ म्हणणारे जागे होतील. माझ्या मते खरी कसोटी व्हिएतनाम आणि तैपेईविरुद्धची. जपानसमोर संगीताला पुढे सोडायचं की मधल्या फळीत आणखी एक जण देऊन तिला मागे ठेवायचं? मी म्हणते मागे ठेवा, कारण चेंडू पायात ठेवू शकणारं कुणीतरी तिथे लागेल, नाहीतर नव्वद मिनिटं चेंडू आपल्याच गोलसमोर राहील. आत्येभाऊ म्हणतो, मग गोल कोण करणार? गेल्या रविवारी फोनवर आम्ही यावरून अर्धा तास वाद घातला. थायलंडविरुद्धचे तिचे दोन्ही गोल त्याने या वेळी बघून ठेवले होते.