मर्ज इंटरव्हल्स: सॉर्ट उगाच नाही करत

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप बरं वाटलं. मर्ज इंटरव्हल्स म्हणजे [स्टार्ट, एंड] अशा इंटरव्हल्सच्या यादीतले एकमेकांवर येणारे किंवा टेकणारे जोडून एक करायचे, आणि माझी पद्धत अशी की आधी स्टार्टवरून सॉर्ट, मग एका फेरीत जोडणं. तुमचं म्हणणं असं की सॉर्ट करून मी सोपा प्रॉब्लेम महाग केला, लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाची साइट) आकडे १०,००० च्या वर जातच नाहीत, मग तेवढ्या घरांचा बूलियन अ‍ॅरे (प्रत्येक घर भरलेलं की रिकामं एवढंच सांगणारा) घ्यायचा, प्रत्येक इंटरव्हलची घरं भरायची आणि सलग पट्टे वाचायचे, लिनिअर टाइममध्ये, म्हणजे इनपुटच्या प्रमाणातच वाढणाऱ्या वेळात, काम झालं. आणि सॉर्ट करायचंच तर एंडवरून केलं तरी चालतं.

आधी अ‍ॅरेचं बघू. [१,२] आणि [३,४] टाका. १, २, ३, ४ चारही घरं भरली आणि तुमचं उत्तर आलं [१,४], खरं तर हे दोन वेगळे आहेत. आकडे दुप्पट करून घरं भरलीत तर मधलं ५ रिकामं राहतं आणि हे सुटतं, पण लिनिअर काही होत नाही. १०,००० इंटरव्हल्स आणि प्रत्येक जवळपास पूर्ण लांबीचा असेल तर दुप्पट न करताही दहा कोटी वेळा घरं भरावी लागतात! आणि खऱ्या कामात सेकंदांचे टाइमस्टॅम्प, म्हणजे खूप मोठे आकडे, आले की एवढा अ‍ॅरे आणणार कुठून?

एंडवरून सॉर्टचं जास्त महत्त्वाचं आहे, कारण इथे खूप जण अडकतात. [२,३], [४,५], [१,१०] घ्या, एंडप्रमाणे क्रम हाच राहतो. पहिले दोन उत्तरात जाऊन बसले आणि मग [१,१०] येऊन दोघांनाही गिळतो, म्हणजे while लूप लावून उत्तरातले शेवटचे एकेक पॉप करत (काढत) मागे जावं लागणार. उजवीकडून डावीकडे चाललात तर मात्र तुमचं बरोबर आहे, ती माझ्याच पद्धतीची आरशातली बाजू झाली. स्टार्टवरून सॉर्ट केलं की पुढचा कोणीच आधीच्यांच्या डावीकडे सुरू होत नाही, म्हणून फक्त शेवटच्याशी तुलना पुरते, आणि सॉर्ट करायचं ते एवढ्याचसाठी. तिथेही max (दोन एंडपैकी मोठा घेणं) विसरायचा नाही हां, नाहीतर [१,१०] नंतर [२,३] आला की एंड १० वरून ३ वर घसरतो.

आणि नुसत्या तुलना करून यापेक्षा फास्ट होईल का, तर नाही. इंटरव्हल्सनी एकूण किती लांबी झाकली हे काढायलाच एन लॉग एन (सॉर्टला लागतो त्याच प्रमाणातला वेळ) लागतं असं संगणकशास्त्रज्ञ फ्रेडमन आणि वाइड यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलंय, आणि मर्ज झालेली यादी हातात असली तर ती लांबी एका फेरीत निघते, मग मर्ज त्याहून स्वस्त कसं पडेल? डेटा आधीच सॉर्टेड असेल तर पायथॉनचा टिमसॉर्ट (त्यातला तयार सॉर्ट) तसाही लिनिअरमध्ये उरकतो.

तुमचा दुप्पट आकड्यांचा कोड जमला तर इथेच टाका, [४,४] सारखा एका बिंदूचा इंटरव्हलही त्यात घालून बघा.